खुंटीवरची किल्ली

आमच्या घराच्या दारालगत, दिनदर्शिकेच्या खालीं, एका लाकडी पट्टीवर पांच खुंट्या ठोकलेल्या आहेत. पहिलीवर छत्री, दुसरीवर भाजीची पिशवी, तिसरीवर आईंची गोमुखी. चौथी हलते म्हणून रिकामी. आणि पांचवीवर धाकट्या बंधूंच्या स्कूटरची किल्ली. एकत्र कुटुंबांत वस्तूची जागा एकदां ठरली कीं ती वस्तु सर्वांची होते. ज्यास लागेल त्यानें घ्यावी, काम झालें कीं परत आणून ठेवावी. विचारण्याची चाल नाहीं. ह्या सदरांत एकत्र कुटुंबाचे गुण आम्हीं पुष्कळदां गाइले आहेत. आज त्याच्या एका अवगुणाविषयीं लिहावयाचें आहे, आणि ती हकीकत ऐकीव नसून घरचीच असल्यामुळें लेखणी थोडी जड चालत आहे. प्रकरण न्यायालयापुढें आहे, म्हणून स्थळ व नांवें देत नाहीं. जिला इजा झाली त्या बाईंची अनुमति घेतली आहे.

गेल्या मार्गशीर्षांत धाकट्या बंधूंचे चिरंजीव सोळा वर्षें व सात महिन्यांचे होते. अकरावीचा शास्त्रशाखेचा वर्ग, त्याच्याआधीं पहाटे सहाला सुरू होणारी खासगी शिकवणी, आणि ती शिकवणी पुण्याच्या अगदीं दुसऱ्या टोकास. त्या वेळीं बस वेळेवर येईलच अशी खात्री नसते, रिक्षा रोज परवडत नाहीं, आणि बंधू रात्रीं उशिरां कामावरून परततात. तेव्हां एके दिवशीं चिरंजीव स्कूटर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशींहि गेले. आठवडाभरांत तो परिपाठ झाला. कोणीं परवानगी दिली असें नाहीं. कोणीं "नाहीं" म्हटलें नाहीं, इतकेंच. डोक्यावर हेल्मेट नीट बसलें आहे ना, हें पाहूनच त्याची आई त्यास जाऊं देई, आणि एवढ्यानें आपण दक्षता घेतली असें तिला वाटे. आईंनीं त्यास दोनदां फुलें व एकदां पत्रावळी आणावयास धाडलें. आमचें रक्तदाबाचें औषध एका रात्रीं संपलें, तेव्हां आम्हींहि त्यासच दुकानाकडे पिटाळलें होतें. हें येथें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

एका सकाळीं पावणेसहाच्या सुमारास, मागें एक मित्र बसलेला असतां, तो एका अरुंद रस्त्यानें चालला होता. कडेला उभ्या असलेल्या टेंपोच्या आडून एक बाई रस्ता ओलांडावयास पुढें आल्या. त्यानें ब्रेक दाबला, गाडी वळविली. पण हँडलचा व आरशाचा तडाखा बाईंच्या हातास बसून त्या पडल्या. गाडी डगमगली, सांवरली, आणि पुढें निघून गेली. चिरंजीव दहाच्या सुमारास घरीं आले, पोहे खाल्ले, व डोकें दुखतें म्हणून माडीवर जाऊन निजले. संध्याकाळीं त्याच्या मित्रानें आपल्या आईस सर्व सांगितलें, आणि त्या माउलीनें आमच्याकडे फोन केला. आज आम्ही तिचे ऋणी आहों. त्या वेळीं मात्र तिचा आम्हांस रागच आला होता.

रात्रीं आठ वाजतां दिवाणखान्यांत सर्व मोठीं माणसें जमलीं. दादांनीं पहिला प्रश्न विचारला, "त्या रस्त्यावर कॅमेरे आहेत का?" वहिनी म्हणाल्या, "दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवलेला मुलगा. पोलिसांत नांव गेलं तर पुढं त्याचं कसं व्हायचं?" एका मेहुण्यांना फोन करून सल्ला घेण्यांत आला, ते म्हणाले, कोणी विचारावयास येईपर्यंत स्वस्थ बसा. मग मधले बंधू, जे स्वभावानें घरांत सर्वांत मायाळू, ते हळूच म्हणाले, "मी चालवत होतों असं सांगतों. माझ्याकडे तीस वर्षांचा परवाना आहे. गाडीचा विमा आहे. मग प्रश्न राहिला कुठं?" क्षणभर सर्वांस हायसें वाटलें. (हा मजकूर छापण्यास त्यांनीं स्वतः संमति दिली आहे.) प्रेमापोटीं केलेल्या लबाडीस आपल्या भाषेंत "पांघरूण घालणें" असा ऊबदार शब्द आहे, त्या रात्रीं तें पांघरूण आम्ही सर्वांनीं मिळून चारी टोंकांना धरलें होतें.

चिरंजीव जिन्याच्या मधल्या पायरीवर केव्हांपासून उभा होता, कोण जाणे. तो एवढेंच म्हणाला, "पण त्या बाई उठल्या का, ते कुणाला कळलंय का?"

तासाभरांत हा प्रश्न आमच्यापैकीं एकाच्याहि तोंडून निघाला नव्हता. कोणींच उत्तर दिलें नाहीं. मग तो म्हणाला, "काका नव्हते. मी होतों."

त्याच्या वडिलांनीं त्यास विचारलें, "मग तेव्हांच थांबला का नाहींस?" ह्यावर त्यानें जें सांगितलें तें आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. गाडी नेऊं लागल्यापासून घरांतून त्यास दोन उपदेश मिळाले होते. पोलिसानें अडविल्यास काकांचें नांव सांगावें, हा एक. आणि कांहीं झालें तरी तेथें एक शब्द न बोलतां आधीं घरीं फोन करावा, हा दुसरा. दुसरें माणूस पडलें तर काय करावें, हें त्यास कोणींच सांगितलें नव्हतें. पकडलें जाऊं नये ह्याचें शिक्षण आम्हीं दिलें होतें, आणि तें त्यानें चोख पाळलें.

ह्याचा अर्थ मुलगा निर्दोष असा नव्हे. माणूस पडलेलें पाहून पुढें जाण्यास उपदेश लागत नाहीं, तसें थांबण्यासहि लागूं नये. सोळा वर्षांच्या मुलास हें कळतें. त्यास कळत होतें, म्हणूनच त्याचें डोकें दुखत होतें. परंतु भीति व विवेक ह्यांचें द्वंद्व त्याच्या मनांत चाललें असतां घरानें आपलें वजन भीतीच्या पारड्यांत आधींच टाकून ठेवलें होतें.

त्याच रात्रीं बंधू त्यास घेऊन त्या रस्त्यावर गेले. एका रखवालदारानें सांगितलें, कीं बाईंना दोघांनीं उचलून रुग्णालयांत नेलें. तेथून पत्ता मिळाला. उजवें मनगट मोडलें होतें. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या चार घरीं स्वयंपाक करतात, आणि पोळी लाटावयास दोन्ही मनगटें लागतात. पहिल्या आठवड्यांतच दोन घरांनीं दुसरी बाई ठेवली. औषधोपचाराचा व बुडालेल्या पगाराचा खर्च बंधूंनीं दिला आणि देत आहेत. पण बारा वर्षें धरून ठेवलेलीं तीं दोन घरें पैशानें परत येत नाहींत. मुलगा समोर उभा राहिला तेव्हां त्या रडल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. "गाडी थांबवली का नाहींस रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आमच्याजवळ काकांचें नांव तयार होतें. ह्या प्रश्नाचें उत्तर कोणाजवळच नव्हतें.

तेथून ते पोलीस ठाण्यावर गेले. मोटार वाहन कायद्याचें १३४ वें कलम असें सांगतें, कीं अपघातांत कोणास इजा झाल्यास चालकानें तिला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची शक्य ती खटपट करावी, आणि शक्य तितक्या लौकर, निदान चोवीस तासांच्या आंत, पोलिसांस वर्दी द्यावी. पंधरा तास उलटून गेले होते.

आतां कायद्याच्या दुसऱ्या कलमाविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण आमच्या ओळखीच्या दहा सुशिक्षित घरांपैकीं नऊ घरांस तें ठाऊक नाहीं असा आमचा अनुभव आहे. २०१९ सालीं ह्या कायद्यांत १९९ अ हें कलम घालण्यांत आलें. अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास अथवा वाहनाच्या मालकास दोषी धरावें, तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड करावा, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द करावी, आणि त्या मुलास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना देऊं नये, असें तें आहे. ह्यांत अधिक मर्माचा भाग निराळाच आहे. पालकाची संमति होती असें न्यायालय गृहीत धरूनच चालतें. ती नव्हती, किंवा तसें घडूं नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, हें सिद्ध करण्याचें ओझें पालकावर. दाराशेजारच्या उघड्या खुंटीवर किल्ली टांगणारा गृहस्थ काळजी घेतल्याचा पुरावा कोठून आणणार? विम्याची गोष्टहि तशीच. परवाना नसलेल्याच्या हातीं गाडी दिली असल्यास, जखमी माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करूं शकते.

मुलाच्या अपराधासाठीं बापास शिक्षा, हा पाश्चात्त्य कायद्याचा अतिरेक आहे असें आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं ठासून सांगितलें. त्यांना आम्हीं कौटिल्याचें अर्थशास्त्र दाखविलें. १९०९ सालीं म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं जो ग्रंथ प्रथम छापून जगापुढें आणला, त्याच्या कंटकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत हाच प्रश्न आहे. वाहन हांकणारा बाल असल्यास गाडींत बसलेल्या मालकास दंड करावा. मालक नसल्यास गाडींत बसलेल्या इतरांस. हांकणारा सज्ञान असेल तर दंड त्याचा त्यास. आणि बालाच्या हातीं दिलेलें वाहन राजानें काढून घ्यावें, असें तेथें स्पष्ट आहे. मनुस्मृतींतील पुष्कळ भाग आज कोणाहि विचारी माणसास मान्य होणार नाहीं, आणि १९२७ सालीं महाड येथें तिचें दहन झालें तें विनाकारण नव्हे; परंतु तिच्या आठव्या अध्यायांतहि अनाडी सारथ्याच्या हातून हानि झाल्यास मालकास दोनशें पण दंड आहे, सारथी कसबी असल्यास तो दंड सारथ्यासच आहे, आणि अनाडी सारथ्याच्या गाडींत खुशाल बसून राहणाऱ्या प्रत्येकास शंभर पण आहे. एका स्कूटरवर तिघे बसून जाणाऱ्या मुलांकडे पाहिलें कीं आम्हांस हे शंभर पण आठवतात. स्नेही गप्प झाले. पण पटलें असें दिसलें नाहीं.

पुण्यांतील वाचकांस आणखी एक प्रकरण आठवत असेलच. १९ मे २०२४ रोजीं पहाटे कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव मोटारीखालीं दोन तरुण संगणक अभियंत्यांचा अंत झाला. त्याच दिवशीं त्या मुलास जामीन मिळाला, आणि अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहावा अशी त्यांत एक अट होती. त्या निबंधावरून देशभर संताप उसळला. आम्हांसहि तो आला. परंतु पुढें पोलिसांनीं जे आरोप ठेवले ते वाचून निबंध किरकोळ वाटूं लागला. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला, आणि गाडी आपणच चालवीत होतों असें सांगावें म्हणून घरच्या चालकावर दडपण आणलें, असे ते आरोप होते. खरेंखोटें न्यायालय ठरवील. त्या वेळीं वर्तमानपत्र हातीं धरून "कसलीं हीं माणसें!" असें आम्हीं सर्वांनीं एकमुखानें म्हटलें होतें. त्याच दिवाणखान्यांत, त्याच खुर्च्यांवर बसून, मधले बंधू "मी चालवत होतों असं सांगतों" म्हणाले. दडपण नव्हतें, पैसा नव्हता, दुष्टपणा तर मुळींच नव्हता. वाक्य मात्र तेंच होतें.

आतां मुलाच्या चालविण्याविषयीं. "मी नीटच चालवत होतों, वेग चाळीसच होता," असें त्याचें म्हणणें, आणि तें खरें असावें. गाडीचा तोल तो आमच्यापेक्षां शतपट चांगला सांभाळतो. पण तोल सांभाळणें म्हणजे गाडी चालविणें नव्हे. पुढच्या रविवारीं बाप-लेक फीत घेऊन त्या रस्त्यावर गेले. टेंपोच्या आडून बाई जेथून प्रथम दिसूं शकल्या, तेथपासून धडकेच्या जागेपर्यंतचें अंतर भरलें चौदा मीटर. मग अकरावीच्या पदार्थविज्ञानांतलें समीकरण, ज्यांत त्यास पैकींच्या पैकीं गुण आहेत, तें त्यानें कागदावर मांडलें. डोळ्यांनीं पाहून हातानें ब्रेक दाबण्यास एक सेकंद जातो असें धरलें, आणि रस्ता कोरडा व ब्रेक उत्तम असें मानलें, तर ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें त्या एका सेकंदांतच अकरा मीटर सरतात; नंतर गाडी थांबेपर्यंत आणखी नऊ. एकूण वीस. ताशीं तीसचा वेग असता तर आठ आणि पांच मिळून तेरा. गाडी बाईंच्या एक हात अलीकडे थांबली असती. ताशीं साठ असता तर सतरा आणि वीस मिळून सदतीस मीटर. त्या हिशेबाचा कागद त्यानें पुढें लिहिला नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकनंतरचें अंतर चौपट होतें, हें तो परीक्षेंत बिनचूक लिहितो. चौदा मीटरांचा हिशेब पुरा केल्यावर असें निघालें, कीं गाडी वळविली नसती तर धडकेच्या क्षणीं तिचा वेग अजून ताशीं तीस किलोमीटरांच्या वरच असता. चाळीस आणि तीस ह्यांतला फरक शिकवणीच्या वाटेवर चार-पांच मिनिटांचा आहे.

मागें मित्र होता ही गोष्टहि लहान नव्हे. २००५ सालीं अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठांतील गार्डनर व स्टाइनबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञांनीं मोटार चालविण्याच्या एका खेळांत मुलांची व प्रौढांची परीक्षा घेतली. सोबती पाहत असतां मुलें अधिक धोके पत्करतात, चोविशीपुढच्या प्रौढांत मात्र हा फरक फारसा पडत नाहीं, असें त्यांस आढळलें. चिरंजीवानें पुढें कबूल केलें, कीं एकटा असतां त्या रस्त्यानें तो हळूच जातो.

कोणी म्हणेल, हा एका मनगटाचा प्रपंच. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतील सुमारें दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस ह्या वयाचीं होतीं. हेल्मेट न घातल्यामुळें जीं गेलीं त्यांची संख्या ५०,०२९. त्यांत मागें बसणारीं चौदा हजारांहून अधिक. लग्नाला निघालेल्या जोडप्यांत नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर गजरा, हें दृश्य आपण रोज पाहतों आणि त्यांत कांहीं विचित्र आहे असें आपल्यास वाटत नाहीं.

वाचकांपैकीं बरेचजण विचारतील, मग मुलांनीं शिकवणीस जावें कसें? सोळाव्या वर्षीं पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, पण तशा पेट्रोलच्या गाड्या आज बाजारांत जवळजवळ नाहींत. ताशीं पंचवीस किलोमीटरांच्या आंतल्या विजेच्या लहान गाड्यांस परवाना लागत नाहीं, हें खरें. त्या घ्यावयाच्या तर वेग वाढवून देणाऱ्या दुकानदारापासून चार हात दूर राहावें. आमच्या मतें सायकल उत्तम. एके काळीं ह्या शहरास सायकलींचें शहर म्हणत, आणि आमची सारी पिढी पावसांतहि सायकलीवरूनच महाविद्यालयांत गेली. आज रस्ते तितके निर्धास्त राहिले नाहींत, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण निर्धास्त नसलेल्या रस्त्यावर सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं अधिक वेगाचें यंत्र देणें हा त्यावर उपाय कसा? मग शिकवणीच जवळची पाहावी. जवळच्या मास्तरांचें नांव तितकें गाजलेलें नसतें, एवढीच अडचण.

तरुण वाचकांपैकीं जे अठरा पुरे करून परवाना घेऊन बसले आहेत, त्यांच्यासाठीं चार शब्द. घरांत हे कोणी सांगत नाहीं. माणूस पडलें तर गाडी थांबवा आणि खालीं उतरा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ११२ वर पोलीस. जखमी माणसास ओढूं नका. मान सांभाळा, मागून येणारीं वाहनें थांबवा. घरीं फोन त्यानंतर. जमाव जमतो, लोक हात उगारतात, ही भीति खोटी नाहीं. अशा वेळीं त्यांतल्या एखाद्या पोक्त माणसाला स्वतःहून नांव सांगून मदत मागावी, किंवा जिवावरच बेतलें तर तडक ठाण्यावर जावें. घरीं येऊन पोहे खाऊं नयेत. आणि दुसऱ्याच्या अपघातांत मदत करणाऱ्यानें तर मुळींच भिण्याचें कारण नाहीं. २०१९ सालच्या १३४ अ कलमानें त्यास संरक्षण दिलें आहे, आणि आपलें नांव सांगण्याची सक्तीहि त्याच्यावर होऊं शकत नाहीं. त्या बाईंना ज्या दोघांनीं उचलून नेलें त्यांचीं नांवें आम्हांस अद्याप कळलीं नाहींत.

बंधूंवर खटला आहे. स्कूटर ठाण्याच्या आवारांत उभी होती, ती आतां घरीं परत आली आहे. पण ती कोणी बाहेर काढीत नाहीं. चिरंजीवास पंचविशीपर्यंत परवाना मिळेल असें दिसत नाहीं. तो सायकलीवरून जातो, त्यासाठीं अर्धा तास आधीं उठतो, आणि त्याबद्दल अधूनमधून कुरकुरतोहि. बाईंचें प्लॅस्टर निघालें. मनगट वळतें, पण पूर्वीइतकें नाहीं. एक घर त्यांना नवें मिळालें आहे, दुसरें अजून नाहीं. आमच्याकडे कामास या असें वहिनींनीं म्हटलें. त्यांनीं नको म्हटलें.

पांचवी खुंटी आतां रिकामी आहे. किल्ली बंधूंच्या कपाटांत असते, आणि कपाटाची किल्ली देवघरांतल्या पितळी डब्यांत. तो डबा कोठें असतो, हें घरांतल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे.